रेकॉर्डिंगमधली चाल कागदावर : संगणक सूर कसे लिहितो आणि दोन चाली कशा ताडून पाहतो

एकच चाल एकाने बासरीवर वाजवली आणि दुसऱ्याने गायली, तीही खालच्या पट्टीत आणि जरा संथ. ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की चाल तीच आहे. संगणकाला मात्र यातलं काहीच कळत नाही. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० आकडे साठवलेले असतात आणि प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी हवेचा दाब किती वरखाली झाला याची नोंद. तीन मिनिटांच्या गाण्यात एका चॅनलचे ७९ लाख ३८ हजार आकडे होतात. वरच्या दोन फायलींमधले हे आकडे शेजारी शेजारी मांडले तर ते जुळण्याचं काही कारणच नाही. त्याच गायकाने तेच गाणं लागोपाठ दोनदा गायलं तरी ते जुळणार नाहीत.

चाल त्या आकड्यांत कुठेतरी आहे, आणि ती फार छोटी आहे. काहीशे सूर, प्रत्येक सुराची उंची, तो कधी सुरू झाला, किती वेळ टिकला. ऐंशी लाख आकड्यांमधून ही काहीशे नोंदींची यादी यंत्राकरवी काढणं म्हणजे स्वयंचलित स्वरलेखन. दोन गाण्यांच्या अशा याद्या हाती आल्या की त्या एकमेकींशी ताडून पाहता येतात. लोकगीतांच्या संग्रहात एकाच चालीची भावंडं शोधायची असोत, गुणगुणून गाणं हुडकायचं असो किंवा चालचोरीचा आरोप तपासायचा असो, वाट बहुतेक हीच असते.

इथे कुणीही विचारेल की मोबाइलवर गाणं ओळखणारी ॲप आहेतच, मग एवढा खटाटोप कशाला? त्यातल्या शॅझम या ॲपची पद्धत ॲव्हरी वांग यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात मांडली आणि ती चालीकडे पाहतच नाही. ध्वनीच्या आलेखात जिथे जिथे ऊर्जा उसळलेली दिसते असे बिंदू ती टिपते, बिंदूंच्या जोड्यांमधलं अंतर मोजते आणि त्यावरून त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा ठसा तयार करते. गजबजलेल्या जागीही हा ठसा जुळतो, हे त्या पद्धतीचं मोठं यश. पण त्याच गायकाने तेच गाणं मंचावर नव्याने गायलं की ठसा बदलतो. ते रेकॉर्डिंग ओळखण्याचं तंत्र आहे. चाल ओळखणं हा वेगळा प्रश्न आहे.

सुराला आकडा

सूर म्हणजे ठरावीक वेगाने होणारं कंपन. सेकंदाला ४४० कंपनं, म्हणजे ४४० हर्ट्झ, हा वाद्यं जुळवताना जगभर संदर्भ म्हणून धरला जाणारा सूर. कंपनं दुप्पट झाली की सूर एक सप्तक वर जातो : २२० वरून ४४० हे एक सप्तक, ४४० वरून ८८० हेही एकच. आपला कान कंपनांच्या संख्येतला फरक ऐकत नाही, त्यांचं गुणोत्तर ऐकतो. म्हणून एका सप्तकाचे बारा समान भाग करतात तेव्हा प्रत्येक स्वर मागच्यापेक्षा सुमारे १.०५९ पट असतो.

वाद्यं आणि संगणक यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८३ मध्ये मिडी नावाचं मानक आलं. त्यात सुरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. ४४० हर्ट्झचा सूर ६९ वा, आणि पियानोच्या मधल्या सप्तकाची सुरुवात ६० वर. सा ६० वर धरला तर शुद्ध रे ६२, ग ६४, म ६५, प ६७, ध ६९, नी ७१ आणि तार सा ७२. ही सोय फार मोठी आहे, कारण कानाला समान वाटणारी अंतरं आता साध्या वजाबाकीने मिळतात. सा ते प हे अंतर कुठल्याही पट्टीत ७ च. दोन शेजारच्या क्रमांकांमधल्या जागेचे आणखी शंभर भाग करतात आणि एका भागाला सेंट म्हणतात. ही बारीक मोजपट्टी पुढे लागणार आहे.

एकच आवाज असेल तर

सगळ्यात सोपं रेकॉर्डिंग म्हणजे एकटा गळा किंवा एकटी बासरी. तिथे सुराची उंची काढायची युक्ती अशी : ध्वनिलहरीचा छोटा तुकडा घ्यायचा, त्याची प्रत थोडी थोडी पुढे सरकवायची आणि ती मूळ तुकड्यावर केव्हा नीट बसते ते पाहायचं. २२० हर्ट्झचा सूर असेल तर सुमारे ४.५ मिलिसेकंद सरकवल्यावर ती बसेल. मग सेकंदात असे किती तुकडे मावतात हे मोजलं की झालं.

इतकं सरळ असूनही यात एक खोड आहे. जी लहर ४.५ मिलिसेकंदांनी स्वतःवर बसते ती ९ मिलिसेकंदांनीही बसते, साडेतेरांनीही. यंत्राने चुकून दुप्पट अंतर उचललं की सूर एक सप्तक खाली लिहिला जातो. उलटही होतं. या सप्तकाच्या चुकीने या क्षेत्रातल्या लोकांना दशकानुदशकं छळलं आहे. २००२ मध्ये अलँ द शव्हेन्ये आणि हिदेकी कावाहारा यांनी ‘यिन’ नावाची पद्धत दिली. तिने या चुका बऱ्याच कमी केल्या, आणि ती आजही वापरात आहे. २०१८ मध्ये आलेल्या ‘क्रेप’ या पद्धतीत तेच काम न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, करतं; लहरीचा कच्चा तुकडा त्यात घालायचा आणि उंची बाहेर पडते.

सर्वांत जास्त ताकदीचं कंपन शोधून तोच सूर धरला तर? ते जमत नाही. गळ्यातून किंवा तारेतून २२० हर्ट्झचा सूर निघतो तेव्हा त्याच्याबरोबर ४४०, ६६०, ८८० अशी पटीतली कंपनंही निघतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात आणि बासरी, गळा, तार यांच्या आवाजातला फरक मुख्यतः त्यांच्या कमीजास्त प्रमाणामुळे असतो. कधी कधी मूळ कंपनापेक्षा दुसरं किंवा तिसरं हार्मोनिक जोरकस असतं. जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं काही पलीकडे पोहोचत नसे आणि पुरुषी बोलण्याची मूळ कंपनं बहुधा त्याच्या खालीच असतात. तरी आवाज चिरका ऐकू यायचा नाही, कारण पटींमधलं अंतर पाहून मेंदू गाळलेला मूळ सूर स्वतः भरून काढतो. यंत्राला ते शिकवावं लागतं.

आता उंचीची रेषा हाती आली : सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला एक आकडा. पण रेषा म्हणजे यादी नव्हे, आणि मला या सगळ्या प्रकरणातली खरी अडचण इथे वाटते. बासरीवाल्याने सा वरून सलग सरकत, म्हणजे मींड घेत, प गाठला तर वाटेतले किती सूर लिहायचे? एकही नाही, की चार? गायक एका सुरावर थांबून आवाज हलवतो तेव्हा उंची सेकंदाला पाच-सहा वेळा वरखाली होते आणि हे हेलकावे अर्ध्या स्वरापर्यंत सहज जातात. जवळचा क्रमांक लिहायचा एवढाच नियम यंत्राला दिला तर एका लांब सुराच्या जागी ६४, ६५, ६४, ६५ अशी किरकिर उमटते. ऐकणाऱ्याने तिथे एकच सूर ऐकलेला असतो.

यावरचा नेहमीचा उपाय संभाव्यतेचा आहे. आत्ता एखादा सूर चालू असेल तर सेकंदाच्या शंभराव्या भागानंतरही तोच चालू असण्याची शक्यता खूप जास्त, असं यंत्राला आधीच सांगून ठेवायचं. मग ते प्रत्येक क्षणाचा निकाल सुटा लावत नाही. अख्ख्या रेषेला सर्वांत पटणारा मार्ग शोधतं. २०१४ मध्ये आलेली यिनची सुधारित आवृत्ती असंच करते. तरीही मींडेचा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण तो मुळात यंत्राचा नाहीच. अमेरिकी संगीतज्ञ चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्येच स्वरलिपीचे दोन हेतू वेगळे केले होते : वाजवणाऱ्याने काय करावं हे सांगण्यासाठी लिहिणं, आणि प्रत्यक्षात काय वाजलं ते नोंदवण्यासाठी लिहिणं. कागदावरची रूढ लिपी पहिल्या कामासाठी घडली. तिच्यात खुणांच्या मधली जागा जाणकार वाजवणारा भरून काढतो. दुसऱ्या कामासाठी सीगर यांनी मेलोग्राफ नावाचं यंत्र वापरलं, जे सुराची उंची सलग रेषेत काढून दाखवत असे. आपण यंत्राला सांगतो ‘जे वाजलं ते लिही’ आणि लिपी देतो पहिल्या प्रकारची. ओढाताण होणारच.

अनेक सूर एकदम

एका वेळी दोन सूर वाजायला लागले की काम एकदम कठीण होतं. २२० आणि ४४० हर्ट्झचे सूर एकत्र वाजले तर वरच्या सुराचं प्रत्येक हार्मोनिक खालच्या सुराच्या हार्मोनिकवर नेमकं पडतं. वरचा सूर खरंच वाजतोय, की खालच्याचंच हार्मोनिक जरा जोरकस आहे? २२० आणि ३३०, म्हणजे सा आणि प, घेतले तरी ६६० दोघांत सामायिक. गोड लागणारे सुरांचे मेळ गोड लागतात त्याचं एक मोठं कारण त्यांची हार्मोनिकं एकमेकांत मिसळतात हे आहे. म्हणजे कानाला जे सर्वांत रुचतं तेच यंत्राला सर्वांत जड जातं. स्टॅनफर्डमध्ये जेम्स मूरर यांनी १९७५ मध्ये आपल्या प्रबंधात दोन सुरांच्या रेकॉर्डिंगचं लेखन संगणकाकडून करून घेतलं, तेही बऱ्याच अटी घालून. त्यानंतरची कित्येक वर्षं प्रगती मंदच होती.

ध्वनीच्या तुकड्यात कुठली कंपनं किती आहेत हे काढायचं गणित जोसेफ फूरिये यांच्या कामातून आलं. ते संगणकावर झपाट्याने करायची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. पण या गणितात एक सौदा दडलेला आहे. तुकडा छोटा घेतला तर सूर कधी सुरू झाला ते नेमकं कळतं, पण जवळजवळचे सूर वेगळे दिसत नाहीत. मोठा घेतला तर उलट. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झ आणि त्याच्या शेजारचा सुमारे २९.१. हे दोन सुटे पाहायला अर्ध्या सेकंदाहून मोठा तुकडा लागतो. तेवढ्या वेळात हात चालणारा वादक पाच-सहा सूर वाजवून मोकळा झालेला असतो. वरच्या टोकाला शेजारच्या सुरांत दोनशेहून जास्त हर्ट्झचं अंतर असल्याने तिथे काही मिलिसेकंद पुरतात. म्हणून पुढे अशा पद्धती आल्या ज्या खालच्या सुरांसाठी तुकडा मोठा घेतात आणि वरच्यांसाठी छोटा.

यानंतरची मोठी उडी विदेमुळे, म्हणजे डेटामुळे, आली, हे स्पष्ट सांगायला हवं, कारण श्रेय सहसा न्यूरल नेटवर्कच्या रचनेला दिलं जातं. यंत्राला शिकवायला हजारो तासांचं वादन आणि त्यातल्या प्रत्येक सुराची अचूक नोंद लागते. ती हाताने कोण करणार? पियानोच्या बाबतीत एक आयती सोय होती. यामाहाच्या डिस्क्लाव्हिअर पियानोत खऱ्या तारा आणि खऱ्या हातोड्या असतात, शिवाय कुठली पट्टी केव्हा आणि किती जोराने दाबली याची नोंदही होते. त्यावर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या वादनांवरून गूगलच्या माजेंटा गटाने २०१८ मध्ये ‘माएस्ट्रो’ हा संग्रह खुला केला : सुमारे दोनशे तासांचं वादन, आणि आवाज व नोंद यांच्यात साधारण तीन मिलिसेकंदांचा मेळ. त्याच गटाच्या पद्धतीत नेटवर्कचा एक भाग फक्त सुराची सुरुवात शोधतो, दुसरा सूर चालू आहे का ते पाहतो, आणि सुरुवातवाल्याची संमती असल्याशिवाय नवा सूर लिहिला जात नाही. पियानोच्या सुराची सुरुवात हातोडीच्या ठोक्याने होते, ती ठळक असते. त्यामुळे हा नियम पियानोला फार मानवला.

एकट्या पियानोचं लेखन आज चकित करण्याइतकं चांगलं होतं. गळा, सतार, व्हायोलिन किंवा पूर्ण वाद्यवृंद यांचं तसं होत नाही, कारण त्या वाद्यांना पट्टीची नोंद ठेवणारी यंत्रणाच नाही. सतारीची मींड कुठल्या क्रमांकावर टाकायची हे ठरवून देणारं कुणी नाही. २०२१ मध्ये गूगलचंच ‘एमटी-थ्री’ आलं, जे अनेक वाद्यं एकदम लिहायचा प्रयत्न करतं. २०२२ मध्ये स्पॉटिफायने ‘बेसिक पिच’ मोफत दिलं. ते हलकं आहे, कुठल्याही वाद्यावर चालतं आणि सूर मधल्या मधे किती वळला तेही टिपून ठेवतं. चाल गळ्यात असेल आणि मागे साथ असेल तर हल्ली आधी स्प्लीटर किंवा डीमक्ससारख्या साधनाने गळा वेगळा काढतात आणि मग त्यावर एकाच आवाजासाठीची पद्धत चालवतात. चाली ताडून पाहायच्या असतील तर बहुतेक वेळा मी हाच रस्ता सुचवेन. साथीच्या प्रत्येक सुराची गरजच नसते.

ताल आणि मात्रा बसवणं हा आणखी एक डोंगर आहे. यंत्राला दिसतं की सूर ०.४८ सेकंद टिकला, पुढचा ०.५३, माणूस दोन्हींना एकच मात्रा म्हणतो. लय जरा हलली की हिशेब बिघडतो. छापण्याजोगी स्वरलिपी हवी असेल तर हा डोंगर चढावाच लागतो. नुसती तुलना करायची असेल तर ‘हा सूर मागच्यापेक्षा किती पट लांब’ एवढ्यावर भागतं, आणि संथ-जलद गायल्याचा फरकही त्यात आपोआप गळून पडतो.

याद्या जुळवणं

सुरांचे क्रमांक जसेच्या तसे जुळवायला गेलं तर पट्टी बदलली की सगळंच बदललेलं दिसतं. म्हणून क्रमांक टाकून द्यायचे आणि लागोपाठच्या दोन सुरांमधली अंतरं ठेवायची. सा रे ग म प म्हणजे ६०, ६२, ६४, ६५, ६७; अंतरं +२, +२, +१, +२. कुठल्याही पट्टीत गा, अंतरं हीच.

आता लेखनातली सप्तकाची चूक इथे काय करते ते पाहा. यंत्राने ग एक सप्तक वर लिहिला, ६४ ऐवजी ७६. अंतरं झाली +२, +१४, −११, +२. एक सूर चुकला आणि दोन अंतरं कामातून गेली. पण अंतरं बाराच्या चक्रात मोजली, म्हणजे बाराने भागून बाकी घेतली, तर १४ चे होतात २ आणि −११ चा होतो १. चाल जशीच्या तशी परत मिळाली! किती स्वस्त औषध. फक्त त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते : सा वरून वरच्या प वर चढणं (+७) आणि सा वरून खालच्या प वर उतरणं (−५) ही दोन्ही आता ७ च दिसतात. गाणाऱ्यासाठी या दोन हालचाली एक नाहीत.

या दिशेने टोकाला गेले ते डेनिस पार्सन्स. १९७५ मध्ये त्यांनी चालींची एक सूची छापली, जिच्यात प्रत्येक चाल फक्त तीन खुणांनी लिहिली होती : सूर वर गेला, खाली आला, की तोच राहिला. किती वर, किती खाली, किती वेळ, काही नाही. वाचून हसू येतं, पण पंधरा पावलांत अशा १ कोटी ४३ लाखांहून जास्त वेगवेगळ्या चाली लिहिता येतात आणि स्वरज्ञान नसलेला माणूसही गुणगुणून ही खूण काढू शकतो. १९९५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी गुणगुणून गाणं शोधायची पद्धत मांडली तेव्हा त्यांनीही असाच वर-खाली-तोच हा आधार घेतला. बेसूर गुणगुणणाऱ्याला ती सांभाळून घेते. मात्र संग्रह लाखांच्या घरात गेला की एकमेकांशी काही नातं नसलेल्या चालीही सारख्या दिसू लागतात. काय टाकून दिलं यावर कोण कुणाचं भावंड ठरणार हे ठरतं, आणि माझ्या मते लेखनाच्या अचूकतेपेक्षा हा निर्णय जास्त वजनाचा आहे.

याद्या जुळवण्याचं मूळ साधन शब्दांच्या तपासणीतून आलं. व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये असं माप मांडलं : एका साखळीची दुसरी साखळी करायला कमीत कमी किती घटक घालावे, काढावे किंवा बदलावे लागतात? सा रे ग म प आणि सा रे ग प यांत सुरांच्या हिशेबाने एकच फरक, म गाळला. अंतरांच्या हिशेबाने मात्र +१, +२ च्या जागी +३ आला, म्हणजे दोन फरक. गायकाने एक सूर गाळला की माप त्याला दुप्पट दंड करतं.

मोंजो आणि सँकॉफ यांनी १९९० मध्ये हे माप संगीतासाठी नव्याने शिवलं. त्यांच्या हिशेबात सगळे बदल सारख्या किमतीचे नाहीत. सा च्या जागी प आला तर दंड कमी, सा च्या जागी कोमल रे आला तर जास्त, कारण पहिले दोन एकमेकांना धरून असतात. एका लांब सुराचे दोन आखूड तुकडे झाले, किंवा दोघांचा एक झाला, तर त्यालाही वेगळी आणि कमी किंमत. ही शेवटची सोय त्यांनी चालींच्या निरनिराळ्या रूपांसाठी ठेवली होती. यंत्राच्या लेखनात सुरांचे विनाकारण तुकडे पडतात, तिथेही ती नेमकी कामी येते.

म्हणूनच लेखन-पद्धतीच्या गुणांवर डोळे मिटून विसंबू नये. या क्षेत्रात गुण देण्याची रूढ पद्धत अशी की लिहिलेला सूर खऱ्या सुरापासून ५० सेंटच्या आत असावा आणि त्याची सुरुवात ५० मिलिसेकंदांच्या आत; तसं असेल तर बरोबर, नाहीतर चूक. तिथे सप्तक चुकलं काय आणि कोमल-शुद्ध चुकलं काय, दोन्ही चुका एका तोलाच्या. तुलनेच्या कामात पहिली चूक बाकी काढून धुतली जाते, दुसरी चालीचा चेहरामोहरा बदलते. सुराचा शेवट कुठे झाला हे यंत्रांना वाईट जमतं, पण अंतरांच्या यादीला त्याने काही फरक पडत नाही. जास्त गुणांची पद्धत तुलनेसाठी वाईट आणि कमी गुणांची चांगली, असं सहज होऊ शकतं.

अख्खी गाणी अख्ख्या गाण्यांशी जुळवणंही फारसं कामाचं नसतं. साम्य बहुधा एखाद्या ओळीत असतं. जीवशास्त्रज्ञांना दोन प्रथिनांच्या लांब साखळ्यांत जुळणारा तेवढाच तुकडा शोधायचा असतो. स्मिथ आणि वॉटरमन यांनी १९८१ मध्ये त्यासाठी जी रीत दिली, ती चालींनाही चपखल बसते.

जुळलं म्हणजे काय सिद्ध झालं?

समजा यंत्राने सांगितलं की दोन गाण्यांत सलग आठ सूर जुळतात. हे पुष्कळ, की किरकोळ? सा रे ग म प असा सरळ चढ असंख्य गाण्यांत सापडेल. त्यातून काहीच ठरत नाही. म्हणून मोठ्या संग्रहात तो तुकडा किती वेळा येतो ते मोजावं लागतं आणि दुर्मीळ तुकड्याच्या जुळणीला जास्त वजन द्यावं लागतं. अमेरिकेत डेमियन रील या वकिलाने नोआ रुबिन या प्रोग्रामरसोबत २०२० मध्ये एक टोकाचा प्रयोग केला. आठ स्वर आणि बारा जागा घेतल्या की जेवढ्या चाली शक्य आहेत तेवढ्या सगळ्या, म्हणजे ६,८०० कोटींहून जास्त, संगणकाने तयार करून मिडीच्या रूपात साठवल्या आणि लोकांसाठी खुल्या केल्या. त्यांचं म्हणणं असं की छोट्या चालींचा साठा मर्यादित आहे, दोन माणसं तिथे योगायोगानेही भेटणारच. पॉप गायिका केटी पेरीच्या एका गाण्यातल्या आठ सुरांच्या तुकड्यावरून २०१९ मध्ये चालचोरीच्या खटल्यात ज्यूरीने तिच्याविरुद्ध निकाल दिला होता. पुढच्याच वर्षी न्यायाधीशांनी तो फिरवला, आणि त्या तुकड्यातले घटक फार सर्वसामान्य आहेत हाच त्यामागचा गाभा होता.

कायदा स्वरलिपीला किती जड मानू शकतो याचं उदाहरण लेड झेपलिन या बँडवरच्या खटल्यात दिसतं. ज्या जुन्या गाण्यावरून चोरी झाल्याचा दावा होता ते अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्याखाली नोंदलेलं होतं. २०२० मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की संरक्षण मिळतं ते नोंदणीच्या वेळी जमा केलेल्या कागदावरच्या स्वरलिपीला, रेकॉर्डिंगला नव्हे. कानाला काय सारखं वाटतं यापेक्षा कागदावर काय लिहिलंय हे तिथे महत्त्वाचं ठरलं.

स्वरलेखन पूर्णपणे वगळूनही चाली ताडता येतात. उंचीच्या दोन रेषा लवचीकपणे ताणून-आकसून एकमेकींवर बसवायची रीत आहे, आणि मींड हाच जिथे चालीचा जीव आहे तिथे मी तीच वापरेन. गूगलने २०२० मध्ये आणलेला गुणगुणून शोधायचा पर्याय न्यूरल नेटवर्कवर चालतो. तो गुणगुणण्याचं आकड्यांच्या एका ओळीत रूपांतर करतो आणि जवळच्या ओळी शोधतो. सुरांची यादी कुठे लिहिलीच जात नाही. शोधून द्यायचं काम तो उत्तम करतो. पण ही दोन गाणी जवळची का, असं विचारलं तर त्या आकड्यांकडे बोट दाखवण्याजोगं काही नसतं. सुरांच्या यादीत ते असतं : दुसऱ्या ओळीचा तिसरा सूर इथे एक स्वर खाली आहे, बाकी सहा तेच.

स्वतः हे करून पाहायचं असेल तर यंत्राने काढलेली यादी आधी साध्या पियानोच्या आवाजात वाजवून ऐकावी, मूळ गाणं न ऐकता. त्या कोरड्या सुरांवरून चाल ओळखू आली तर पुढची जुळवाजुळव करण्यात अर्थ आहे. नाही आली तर जुळणीची रीत बदलत बसण्याऐवजी गळा वेगळा काढण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. चूक बहुधा तिथेच सापडते.